भूत दिसायची वाट कशाला पाहायची?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाक आटोपला असेल, भांडी घासायची राहिली असतील, तर रेडिओ ओट्यावर ठेवा आणि हात चालू ठेवून ऐका. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना थोडा वेळ अंगणात पाठवा. आजची गोष्ट भुताची आहे. पण मुलांना बाहेर पाठवायला सांगतोय ते भुतामुळे नाही. गोष्टीत एका पोरीच्या बाबतीत जे घडतं, ते त्यांच्या कानावर असं अचानक पडू नये म्हणून.

आम्ही पाच-सहा जणींनी मिळून एक इंग्रजी सिनेमा पाहिला. आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजला आहे, तिने लॅपटॉपवर लावला. दर पाच मिनिटांनी थांबवायचा, मराठीत सांगायचं, मग पुढे. दोन तासांच्या आतला सिनेमा पाहायला आम्हाला जवळजवळ चार तास लागले. सिनेमाचं नाव 'स्टर ऑफ एकोज'. प्रतिध्वनींची सळसळ, असा त्याचा अर्थ. आला 1999 साली. दिग्दर्शक डेव्हिड केप. यांनीच आधी 'जुरासिक पार्क'च्या पटकथेवर काम केलं होतं. मूळ कादंबरी रिचर्ड मॅथेसन यांची, 1958 सालची. सिनेमा आला त्याच्या महिनाभर आधीच 'द सिक्स्थ सेन्स' नावाचा दुसरा सिनेमा येऊन गाजला. त्यातही मेलेली माणसं दिसणारा एक लहान मुलगा होता. त्यामुळे हा सिनेमा जरा झाकला गेला. आम्हाला मात्र तो फार लागला. का लागला, तेच आज सांगायचं आहे. शेवटही सांगणार आहोत, कारण शेवट सांगितल्याशिवाय आमचं म्हणणं पुरं होत नाही.

तर गोष्ट अशी. अमेरिकेतलं शिकागो शहर. मोठ्या इमारतींचं शिकागो नव्हे, कामगारांची वस्ती. एकाला एक लागून घरं, सगळे एकमेकांना ओळखतात, रस्त्यावर मिळून जेवणं करतात, पोरांच्या फुटबॉलच्या मॅचला सगळी गल्ली जाते. तिथे टॉम नावाचा माणूस भाड्याच्या घरात राहतो. टेलिफोनच्या तारा जोडणारा लाइनमन. केव्हिन बेकन या नटाने हे काम केलंय. बायको मॅगी, तिला दिवस गेलेले. मुलगा जेक, पाचेक वर्षांचा. टॉम वाईट नाही, दारुडा नाही, बायकोला मारत नाही. फक्त मनात एक सल आहे: आपण आयुष्यात काहीतरी वेगळं करू असं वाटलं होतं, आणि राहिलो साधेच.

एका रात्री शेजारी जेवणं असतात. मॅगीची बहीण लिसा संमोहनाच्या गोष्टी सांगते. टॉम तिची टर उडवतो. माझ्यावर करून दाखव म्हणतो. मेहुणी त्याला खुर्चीत बसवते, डोळे मिटायला सांगते, रिकाम्या थिएटरात बसल्याची कल्पना करायला लावते. आणि जाता जाता त्याला सुचवते, की यापुढे मनाची दारं जरा उघडी ठेव. झालं. त्या रात्रीपासून टॉमला दिसायला लागतं. झोप उडते. घसा सारखा कोरडा पडतो, कितीही पाणी प्यायलं तरी भागत नाही. आणि एका रात्री बघतो तर त्याच्याच घरात, सोफ्यावर, त्याच्या शेजारी एक तरुण पोरगी बसलेली.

इथे आमच्यातल्या एकीने पदर तोंडाला लावला, आणि दुसरी म्हणाली, "बंद कर गं, मला रात्री मोरीत जायचं असतंय." सगळ्या हसलो. लॅपटॉप थांबवला, चहा केला, मग पुढे पाहिला.

ती पोरगी कोण, ते हळूहळू कळतं. जेकला सांभाळायला डेबी नावाची एक मुलगी येते. जेक एकटाच कुणाशी तरी बोलत असतो, आणि डेबीच्या कानावर नाव पडतं: सॅमंथा. डेबी हादरते, कारण सॅमंथा तिची बहीण. सतरा वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी घरातून गेली ती परत आलीच नाही. तिची समज लहान मुलीएवढी होती. आपल्याकडे अशा पोरीला लोक सरळ 'मंद' म्हणून मोकळे होतात. डेबी त्या पोराला उचलते आणि थेट आईकडे घेऊन जाते. आई रेल्वे स्टेशनवर कामाला आहे. याला माझ्या बहिणीचं नाव कसं माहीत, हे आईसमोर विचारायचं असतं तिला. टॉमला मॅचच्या मैदानावर अचानक जाणवतं की पोराचं काहीतरी झालंय, तो धावत सुटतो. त्या स्टेशनवर त्याला डेबी बहिणीचा फोटो दाखवते. सोफ्यावर बसलेली तीच पोरगी.

पुढे टॉम वेडापिसा होतो. कामावर जाणं बंद. 'खण' असा आदेश त्याच्या मनात येतो आणि तो कुदळ-फावडं घेऊन परसू उकरायला लागतो. परसू संपतं, मग तळघर. खणता खणता तळघरातली एक विटांची भिंत ढासळते. आणि त्या भिंतीमागे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, सॅमंथा सापडते. त्याच घरात. टॉम-मॅगी जिथे जेवत होते, झोपत होते, त्याच्या खाली.

टॉम तिच्या हाताला हात लावतो तेव्हा त्याला सगळं दिसतं. गल्लीतलीच दोन पोरं. एक घरमालकाचा मुलगा, दुसरा टॉमच्या जिवलग शेजाऱ्याचा. त्यांनी तिला या घरात बोलावलं. ती खुशीने आली, कारण तिच्याशी एरवी कोण बोलतं? त्यांनी तिच्यावर जबरदस्ती करायला घेतली. ती ओरडली. ओरडणं थांबवायला तिचं तोंड दाबलं, आणि त्यात तिचा जीव गेला. पोरांनी ते आपल्या बापांना सांगितलं. आणि बापांनी काय केलं? मूग गिळून बसले. पोरगी भिंतीआड, आणि हे रोज त्याच गल्लीत हसून नमस्कार करत होते, मॅचला जात होते. शेवटी गोळीबार होतो, शेजाऱ्याचं मन पालटतं आणि तोच घरमालकाला आणि त्याच्या मुलाला मारतो. टॉमचं कुटुंब वाचतं. सॅमंथाचं भूत आपला कोट अंगात घालतं, हलकंसं हसतं आणि निघून जातं. तिच्या आईला आणि बहिणीला तिची माती करायला मिळते.

सिनेमा संपला तेव्हा कुणीच बोलेना. मग आमच्यातली सगळ्यात वडील जी, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती म्हणाली, "भुताचं भ्या नाही वाटलं बाई. भ्या त्या माणसांचं वाटलं."

आणि मग चर्चा सुरू झाली ती रात्री साडेअकरापर्यंत.

पहिला प्रश्न निघाला तो असा: सहा महिने त्या पोरीला कुणी शोधलं का नाही? आई शोधत होती, बहीण शोधत होती. पण गल्ली? गल्लीने ठरवून टाकलं होतं, 'पळून गेली असेल.' मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय? पोरगी हरवली की पहिल्या तासात गावात हेच वाक्य फिरतं. 'गेली असेल कुणाबरोबर.' मुलगा हरवला तर विहिरी बघतात, ओढा बघतात, जीप काढतात. मुलगी हरवली तर आईच्या तोंडाकडे बघतात. त्यातून पोरगी गरिबाची असली, समजेने कमी असली, तर शोधायचे कष्टही कुणी घेत नाही. म्हणजे 'पळून गेली' हे वाक्य नुसती बदनामी करून थांबत नाही. खरा गुन्हा ज्याने केला असेल, त्याला त्या वाक्याने आसरा मिळतो. सॅमंथाच्या गोष्टीत त्या विटांच्या भिंतीआधीची भिंत या वाक्याचीच होती.

दुसरा प्रश्न बापांचा. आम्ही त्यांना खूप शिव्या दिल्या. पण आमच्यातल्या एकीने, जिला दोन मुलगे आहेत, हळूच विचारलं, "आपला पोरगा असं करून घरी आला असता, तर आपण काय केलं असतं?" तिने हे विचारलं तेव्हा घरात एवढी शांतता झाली की बाहेरचं कुत्रं ऐकू आलं. उत्तर सोपं नाही. आईची माया आहे, घराची अब्रू आहे, पोराचं पुढचं आयुष्य आहे. तो शेजारी, सिनेमातला, राक्षस नाही. तो हसरा आहे, मदतीला धावणारा आहे. आपल्या पोराला वाचवायचं एवढंच त्याने ठरवलं, आणि तेवढ्याने एक आई सहा महिने रोज दाराकडे बघत बसली. आणि त्याचा मुलगा तरी वाचला का? त्या पोराने स्वतःवरच गोळी झाडून घेतली. झाकून ठेवलेलं त्या पोराला आतून खात होतं. म्हणून आमच्या गटात त्या रात्री असं ठरलं, की मुलगी वाचवायच्या गोष्टी आपण पुष्कळ बोलतो, आता मुलग्यांशीही बोलायचं. आणि पोराने चूक केली तर त्याला पोलिसांसमोर आपण स्वतः उभं करायचं. हे बोलायला सोपं आहे आणि करायला फार कठीण, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच आधी बोलून ठेवायचं.

तिसरी गोष्ट मॅगीची. सिनेमाचा नायक टॉम आहे, पण आम्ही मॅगीकडे बघत होतो. नवरा कामावर जाईना, परसू खणून ठेवलेलं, पोरगं हवेशी बोलतंय, पोटात दुसरं, त्यातच आजी वारल्याची बातमी. घर कोण चालवतंय? मॅगी. दर्शन नवऱ्याला होतं आणि निस्तरावं बायकोला लागतं. आपल्याकडे कुणाच्या घरात पुरुषाच्या अंगात यायला लागलं, की दारात लोकांची रांग लागते, आणि आत चुलीपुढे त्याची बायको त्या सगळ्यांचा चहा करत असते. त्या बाईला कुणी विचारत नाही, तुला काय दिसतंय म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सिनेमात टॉमला खरंच दिसतं. त्याला दिसलं म्हणून पोरगी सापडली. मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "म्हणजे असं दिसणारी माणसं असतात का?"

सिनेमाची गोष्ट सिनेमात शोभते. पण खरं काय, ते बघू. संमोहन ही गोष्ट खरी आहे. त्यात माणूस एका गोष्टीवर मन एकाग्र करतो आणि समोरच्याच्या सूचना सहज स्वीकारतो. दुखणं कमी वाटावं, भीती कमी व्हावी, यासाठी काही डॉक्टर ते वापरतात. पण संमोहनाने कुणाला मेलेली माणसं दिसत नाहीत, न पाहिलेला गुन्हा दिसत नाही. उलट संमोहनात माणसाच्या आठवणीत खऱ्याबरोबर कल्पनाही मिसळते, आणि ती त्याला खरीच वाटते. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या न्यायालयांनी संमोहनातून मिळालेल्या साक्षीवर बंधनं घातली आहेत.

आणि आता त्याच अमेरिकेतली एक खरी घटना ऐका. ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथेही अशीच कामगारांची वस्ती. 21 एप्रिल 2003 रोजी अमांडा बेरी नावाची मुलगी कामावरून घरी यायला निघाली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिचा सतरावा वाढदिवस होता. तिच्या आईने जिवाचं रान केलं. पुढच्या वर्षी, 2004 मध्ये, ती आई टीव्हीच्या एका मोठ्या कार्यक्रमात गेली. तिथे सिल्व्हिया ब्राउन नावाची बाई होती, आपल्याला दिव्य दृष्टी आहे असं सांगणारी, खूप प्रसिद्ध. तिने कॅमेऱ्यासमोर त्या आईला सांगितलं की तुझी मुलगी जिवंत नाही. आईने त्यावर बराचसा विश्वास ठेवला. ती खचली, आणि 2006 मध्ये वारली.

मैत्रिणींनो, अमांडा जिवंत होती. त्याच शहरात, काही किलोमीटरवर, एका माणसाने तिला घरात कोंडून ठेवलं होतं. तिच्याबरोबर आणखी दोघींना. त्या दोघींपैकी एक, सगळ्यात आधी नेलेली, एकवीस वर्षांची होती. ती आपल्या मर्जीने गेली असेल असं धरून चालले आणि तिचा शोध फारसा झालाच नाही. पुन्हा तेच वाक्य! 6 मे 2013 रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, घराचा आतला दरवाजा उघडा राहिला आणि बाहेरच्या बंद दारामागून अमांडा ओरडली. शेजारची माणसं धावली, दाराचा खालचा भाग फोडला आणि ती बाहेर आली. कडेवर तिची सहा वर्षांची लेक. बाहेर येताच तिने फोन मागितला आणि पोलिसांना बोलावलं. त्यामुळे उरलेल्या दोघीही सुटल्या. तिची आई मात्र ते बघायला नव्हती.

हे आम्ही वाचलं तेव्हा आमच्या अंगावर सिनेमापेक्षा मोठा काटा आला. सिनेमात दिव्य दृष्टीने पोरगी सापडते. खऱ्या जगात दिव्य दृष्टीवालीने आईची आशाच मोडली. आणि पोरी सुटल्या त्या कशाने? एक ओरडली, आणि शेजाऱ्यांनी ते ओरडणं ऐकून पाय उचलला. एवढंच.

आता आमची स्वतःची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय या भाषणाला अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीच्या नात्यातली मुलगी अशीच गेली. सोळा वर्षांची. सकाळी शाळेला म्हणून निघाली आणि संध्याकाळी आली नाही. आम्ही काय केलं? पोलिसात गेलो तर नाव खराब होईल म्हणून गेलो नाही. कुणीतरी म्हणालं, शेजारच्या तालुक्यात एक 'बघणारा' आहे, अचूक सांगतो. आम्ही बायकांनीच वर्गणी काढली, अकराशे रुपये गोळा केले, गाडी केली आणि तिच्या आईला घेऊन गेलो. त्याने सुपात तांदूळ पसरले, डोळे मिटले आणि सांगितलं, पोरगी उगवतीला आहे, पाण्याजवळ आहे. मग काय, दोन दिवस आम्ही गावाच्या पूर्वेच्या विहिरी, तळी, बंधारे बघत फिरलो. दोन दिवस! तिसऱ्या दिवशी एका शिक्षिकेने आम्हाला झापलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. पोलिसांनी पहिल्यांदा विचारलं, "तिच्या मैत्रिणीशी बोललात का?" आम्ही नव्हतो बोललो. तांदळाला विचारलं होतं, मैत्रिणीला नाही. ती मैत्रीण दोन घरं सोडून राहत होती. तिला माहीत होतं की शहरात काम मिळवून देतो म्हणून एक माणूस फोन करत होता. तिच्याकडे तो नंबरही होता. कुणी विचारलंच नाही, आणि आपल्याला मारतील म्हणून ती आपणहून बोलली नाही.

मुलगी एकोणीस दिवसांनी सापडली. घरी आली, आज बरी आहे. पण त्या पहिल्या तीन दिवसांत ती कुठून कुठे नेली गेली आणि तिने काय भोगलं, ते आम्हाला नंतर कळलं. ते तीन दिवस आम्ही घालवले. त्या माणसाचा राग येतोच, पण आमचा स्वतःचा राग जास्त येतो.

म्हणून आता कामाचं बोलतो. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

एक. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, मुलगी असो वा मुलगा, तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. ते मूल पळवलं गेलंय असं धरून तपास सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये सांगितलं आहे. 'चोवीस तास थांबा, येईल परत' असं कुणी म्हणालं, तर थांबायचं नाही. सॅमंथा सतरा वर्षांची होती. आपल्या कायद्याने ती मूलच.

दोन. 'ही आमची हद्द नाही' असं म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, हे लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत आपल्याला फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद करून घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते.

तीन. पीडित मुलगी बौद्धिक किंवा शारीरिक दिव्यांग असेल, आणि लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी येऊन नोंद घ्यायची असते. तिची भाषा समजणारी विशेष शिक्षिका किंवा दुभाषी सोबत हवी. 'तिला काय कळतंय' असं म्हणून तिचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

चार. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही गप्प बसणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. पुरावा लपवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे सिनेमातले ते बाप आपल्याकडे असते, तर 'आम्ही काही केलं नाही, फक्त बोललो नाही' असं सांगून सुटले नसते. गावची बैठक बसवून असं प्रकरण मिटवणारेही नाहीत.

पाच. नंबर पाठ करा. पोलीस 112. मुलांसाठी 1098. महिलांसाठी 181. चुलीच्या वरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. कॅलेंडरवर नको, कॅलेंडर वर्षाने बदलतं.

सहा. घरात मुलीचा अलीकडचा फोटो असू द्या, आधारची प्रत असू द्या. आणि तिच्या दोन मैत्रिणींची नावं आपल्याला माहीत असू द्या. ही शेवटची गोष्ट कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, पण आमच्या अनुभवाने सांगतो, ती सगळ्यात उपयोगाची आहे.

आणि 'बघणाऱ्या'बद्दल. आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कितीतरी वर्षं खस्ता खाल्ल्या. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी हा कायदा झाला. आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून लोकांना घाबरवणं, फसवणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा कुणाच्या देवाच्या, वारीच्या, उपासाच्या आड येत नाही. आक्का आजही दर पौर्णिमेला देवीला जाते आणि आम्हीही जातो. देवीपुढे हात जोडायचे, बळ मागायचं. पण पोरीचा पत्ता मात्र तिच्या मैत्रिणीला विचारायचा.

शेवटी सिनेमाच्या शेवटच्या दृश्याबद्दल सांगतो. सगळं निस्तरल्यावर टॉम-मॅगी ती गल्ली सोडून निघतात. गाडीत मागे जेक बसलाय. गाडी एकेका घरापुढून जाते तसे त्याला त्या घरांतून आवाज ऐकू यायला लागतात. एका घरातून, दुसऱ्या घरातून, खूप घरांतून. पोरगं कानांवर हात ठेवतं. म्हणजे भिंतीआड गुपित असलेलं घर एकच नव्हतं.

ते दृश्य संपल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या गल्लीतून जाताना मलाही ऐकू येतं की." आम्ही दचकलो. ती म्हणाली, "त्या वळणावरच्या घरातून रात्री बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो. आपण सगळ्याच ऐकतो. टीव्हीचा आवाज वाढवतो." त्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी तिघी जणी गेलो. हळद मागायचं निमित्त करून. काय बोलणं झालं ते रेडिओवर सांगणार नाही, ते त्या बाईचं आहे. पण ती आता आमच्या गटात येते, एवढं सांगतो.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. तीन प्रश्न घ्या. आपल्या गावातून गेल्या काही वर्षांत कुणी मुलगी, बाई बेपत्ता आहे का, आणि तिची नोंद झाली आहे का? आपल्या वस्तीत समजेने कमी अशी एखादी पोर आहे का, आणि तिच्याशी रोज कोण बोलतं? आणि कुठल्या घरातून आलेला आवाज आपण ऐकून न ऐकल्यासारखा केलाय? उत्तरं मिळाली की आम्हाला कळवा. कुणाचंही नाव, गावाचंही नाव आम्ही रेडिओवर घेणार नाही.

दिव्य दृष्टी कुणाला नसते. डोळे आणि कान मात्र आपल्या सगळ्यांना आहेत. चला, भांडी झाली असतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.